नातीएवढ्या मुलीकडून हरलो, आता खेळू की थांबू?

पत्र

ताई, मी मुलुंडला राहतो. वय बासष्ट, बँकेतून निवृत्त. कॉलेजात बुद्धिबळ बरं खेळायचो, नोकरीतही सुट्टी जुळवून स्पर्धा खेळलो. २०१९ नंतर पट बंदच होता. यंदा पुन्हा सुरुवात केली आणि विलेपार्ल्याला तीन दिवसांची रेटिंग स्पर्धा खेळलो. माझं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा अधिकृत आकडा, १७२० (आधी १५३३ होतं, २०२४मध्ये आपोआप वाढलं). चौथ्या फेरीत समोर नऊ वर्षांची मुलगी, रेटिंग १४९०. मी एकतीस चालींत हरलो. दोनदा ड्रॉ विचारला. पहिल्यांदा तिने मान हलवली. दुसऱ्यांदा मान वरसुद्धा केली नाही, सरळ घोडा उचलला. माझी चाल असताना ती उठून दुसऱ्यांचे डाव बघत फिरायची. डाव संपल्यावर मी सही केली आणि निघालो. ती हात पुढे करून उभी होती, ते मी पाहिलं, पण हात दिला नाही.

मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर थट्टा चालू आहे. सौ. म्हणते, ‘हौस असेल तर घरी नातवाशी खेळा.’ पुढच्या महिन्यात दादरच्या स्पर्धेत नाव दिलंय, ते मागे घेऊ का? लहान मुलांशी जोडी लावू नका असं पंचांना सांगता येतं का? आणि त्या मुलीच्या वागण्याची तक्रार करायला हवी होती का? स्कोअरशीटचा (चाली लिहायच्या कागदाचा) फोटो जोडला आहे.

— एक वाचक, मुलुंड

उत्तर

काका, नमस्कार.

पत्र वाचण्याआधी स्कोअरशीट वाचली. पंच म्हणून अनेक वर्षं हॉलमध्ये फिरल्यामुळे लागलेली सवय आहे ती. माणूस काय सांगतो त्याच्या आधी त्याने काय खेळलंय ते बघायचं.

तर तुमचा डाव. (सी-४ वगैरे ही पटावरच्या घरांची नावं: पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए ते एच, खालून आडव्या १ ते ८.) राजापुढचं प्यादं दोन घरं, तिनेही तेच. मग तुमचा उंट सी-४, तिचा घोडा सी-६. आणि तिसऱ्या चालीला वजीर एच-५. काका, खरं सांगा, समोर तुमच्या वयाचा, चष्मा लावलेला, १४९०चा एखादा रेल्वेतला माणूस बसला असता तर तिसऱ्या चालीला वजीर काढला असतात का? ही चार चालींत मात देण्याची युक्ती आपण शाळेत शिकलो. आजकालच्या क्लासमध्ये ती मोडायची कशी हे मुलांना पहिल्या महिन्यातच शिकवतात. तिने जी-६ प्यादं पुढे केलं, वजीर एफ-३ला गेला, तिने घोडा एफ-६ला आणला. इथपर्यंत पुस्तकी. इथे निमूटपणे घोडा काढून कॅसलिंगच्या, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याच्या, तयारीला लागला असतात तरी डाव सावरला असता. तुम्ही जी-४ ढकललंत, घोडा हुसकावून मात द्यायची म्हणून. तिने दुसरा घोडा डी-४ला टाकला. एकाच वेळी वजिरावर आणि सी-२च्या प्याद्यावर. वजीर मुकाट्याने डी-१ला, म्हणजे जिथून निघाला तिथेच. सहा चाली झाल्या, तिचे दोन्ही घोडे मैदानात आणि तुमचा एकही घोडा जागचा हललेला नाही. त्यानंतर तिने डी-५ करून मध्य फोडला तेव्हाच डाव गेला होता. बाराव्या चालीला उंट गेला हा फक्त त्याचा हिशेब.

हे विस्ताराने लिहिलं, कारण तुमच्या पत्रात ‘वय झालं’ हा सूर आहे आणि स्कोअरशीटमध्ये वयाचा पुरावा कुठेच नाही. बासष्टाव्या वर्षी माणूस चौथ्या तासाला दमतो, वेळेच्या तंगीत हत्ती फुकट देतो, जिंकलेला शेवट हातचा घालवतो. तसं झालं असतं तर मी वयाबद्दल बोलले असते. तुम्ही तिसऱ्या चालीला चुकलात, ताजेतवाने असताना. समोरचं पोर बघून तुम्ही वेगळं बुद्धिबळ खेळलात.

आता रेटिंगचं. तुमच्या आणि तिच्या रेटिंगमध्ये २३०चा फरक. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, तक्त्याप्रमाणे एवढ्या फरकाला वरच्या खेळाडूकडून ०.७९ गुणाची अपेक्षा असते. म्हणजे असे शंभर डाव झाले तर साधारण ७९ गुण तुमचे, २१ तिचे. पाचातला एक गुण तिला कागदावरच दिलेला आहे. त्या डावाने तुमच्या रेटिंगमधले १५.८ गुण गेले, तिचे ३१.६ वाढले. तुमचा के-फॅक्टर, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा, २० आणि तिचा ४०, कारण अठरा वर्षांखालच्या आणि २३००च्या आतल्या मुलांचं रेटिंग मुद्दामच दुप्पट वेगाने हलवतात. फिडेलाही माहीत आहे की मुलांचा खेळ आकड्याच्या पुढे धावतो. यादी महिन्यातून एकदा निघते. मे महिनाभर रोज क्लास आणि घरी मोबाइलवर कोडी सोडवणाऱ्या मुलीचा १४९० हा आकडा नेमका कधीचा आहे ते बघत जा.

आणि तुमचे १७२०? मार्च २०२४मध्ये फिडेने किमान रेटिंग १००० वरून १४०० केलं आणि २०००च्या खालच्या सगळ्यांना, २००० गाठायला जितके कमी होते त्याच्या चाळीस टक्के गुण वाढवून दिले. तुम्हाला ४६७ कमी होते, त्याचे चाळीस टक्के १८७. म्हणून १५३३चे १७२० झाले. यात लबाडी काही नाही, सगळ्यांचीच मोजपट्टी सरकली. पण हा आकडा घेऊन तुम्ही पटावर बसलात तो २०१९ नंतर पहिल्यांदाच. तो तुमचा खरा आहे की नाही हे अजून ठरायचं आहे, आणि ते ठरायला पाच-सहा स्पर्धा जातील.

जोडी लावण्याबद्दल विचारलंत. नाही, सांगता येत नाही. जोड्या संगणक पाडतो. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीत रेटिंगच्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो, तिथे विषम जोड्या ठरलेल्याच. पण पुढच्या फेऱ्यांत सारखे गुण असलेले एकमेकांसमोर येतात. तुम्ही चौथ्या फेरीत भेटलात म्हणजे तीन फेऱ्यांनंतर दोघांचे गुण सारखे किंवा जवळपास होते. त्या दिवशीच्या स्पर्धेच्या हिशेबाने तुम्ही बरोबरीचे होता. आणि मुंबईत लहान मुलं टाळून ओपन स्पर्धा खेळायची म्हणजे गर्दी टाळून दादर स्टेशनला उतरायचं. रविवारच्या कुठल्याही हॉलमध्ये बघा, निम्म्या टेबलांवर एकावर एक दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचलेल्या असतात. पटाच्या पलीकडच्या टोकापर्यंत हात पोचावा म्हणून. पार्ल्यातही तिला तशीच बसवली असणार.

तक्रारीबद्दल मात्र मला जरा स्पष्ट बोलावं लागेल. ज्याची चाल आहे त्याने परवानगीशिवाय खेळण्याची जागा सोडायची नाही, असा नियम आहे. तुमची चाल असताना तिने उठून बाकीचे डाव बघणं नियमात बसतं. मोठे ग्रँडमास्टरही तेच करतात. कोणाशी बोलली असती, आईकडे जाऊन काही विचारलं असतं, तर गोष्ट वेगळी. तसं तुम्ही लिहिलेलं नाही.

घोडा उचलण्याचं तर तिने शंभर टक्के बरोबर केलं. ड्रॉचा प्रस्ताव दोन प्रकारे नाकारता येतो. तोंडाने ‘नाही’ म्हणून, किंवा चाल करण्यासाठी मोहऱ्याला हात लावून. मान हलवणं चालवून घेतात, पण नियमाच्या भाषेत तिचं दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा जास्त अचूक होतं. तुम्हाला तो उद्धटपणा वाटला. तिला तिच्या सरांनी तसंच शिकवलेलं असणार. चाल सापडली की बोलण्यात वेळ घालवायचा नाही.

आता तुमची बाजू बघू. ड्रॉ विचारायचा तो आपली चाल पटावर करून, घड्याळ दाबायच्या आधी, एकदाच. दोघांनी स्कोअरशीटवर त्या चालीपुढे बरोबरचं चिन्ह काढायचं. तुमच्या कागदावर अठराव्या चालीपुढे ते चिन्ह आहे, बावीसाव्याला नाही. तो दुसरा प्रस्ताव तिची वेळ चालू असताना, ती विचार करत असताना दिलात का? तसं असेल तर तो वैध होता, पण समोरच्याला व्यत्यय आणू नये हा नियमही तिथे लागू होतो, आणि अवाजवी ड्रॉ-प्रस्ताव त्यात नाव घेऊन सांगितलेले आहेत. तक्रार झाली असती तर ती तुमच्याविरुद्ध झाली असती, काका. चारच चालींत स्थिती काय बदलली होती? एक उंट तर तेव्हाही कमीच होता.

मला वाटतं खरी ठेच इथेच लागली. आपल्या घरात मोठं माणूस पत्ते खाली ठेवून म्हणतं, ‘चल, सोडून देऊ, बरोबरी’, आणि पोरं ऐकतात. न ऐकणारं पोर आगाऊ ठरतं. तुम्ही तोच मोठेपणा पटावर न्यायला गेलात, तेही एक उंट मागे असताना. हरणाऱ्याने ड्रॉ मागणं म्हणजे अर्धा गुण मागणं. तिने तो दिला नाही. तिच्या जागी माझा भाचा असता आणि त्याने दिला असता, तर घरी येऊन मी त्याला विचारलं असतं, का रे बाबा?

हात न देण्याबद्दल तुम्ही स्वतःहून लिहिलंत, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली खरी चूक तीच. तिची माफी मागायला फोन नंबर शोधत बसू नका, आयांना त्याची भीती वाटते. ही मुलं दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये असतात. दादरला पेअरिंगच्या कागदासमोर गर्दीत दिसेलच. तिच्या आईसमोर तिला सांगा, ‘पार्ल्याला छान खेळलीस, मला डी-५ नंतरचं जरा दाखव.’ मग गप्प बसा आणि बघा. या वयाच्या मुलांना आपला जिंकलेला डाव दाखवायला फार आवडतं. हातात वडापाव असेल तर दुसऱ्या हाताने दाखवतील. उपदेश करू नका, ‘मी दमलो होतो’ हे तर अजिबात सांगू नका. ती तुम्हाला डी-५ नंतरच्या दोन-तीन अशा चाली दाखवेल, ज्या तुम्ही पाहिल्याच नव्हत्या. त्या लिहून घ्या.

तुमच्या ग्रुपवरच्या मित्रांना एका गोष्टीची आठवण करून द्या. सगळे गिरगाव-दादरकडचेच असाल तर त्यांनी वाचलीही असेल. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांची मुलगी. वय तेव्हा तेरा, म्हणजे आज जवळपास तुमच्याच बरोबरीची. तिने तीन पुरुषांना हरवलं आणि गदारोळ झाला. बायकांनी इथे खेळावंच का, इथपासून प्रश्न निघाले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष माक्स युवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. त्या तीन पुरुषांची त्या संध्याकाळी काय थट्टा झाली असेल! आज कोणी त्यांची नावंही काढत नाही. अगदी अलीकडचं हवं असेल तर २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली. मानांकन पंधरावं, वय एकोणीस, अंतिम फेरीत समोर अनुभवी ग्रँडमास्टर कोनेरू हंपी. यादीतल्या क्रमाने डाव लागायचे असते तर स्पर्धा घ्यायचीच कशाला?

घरी नातवाशी खेळा, जरूर खेळा. पण तिथली गंमत वेगळी आहे आणि तिथे तुम्ही मुद्दाम हरत असाल असा माझा अंदाज आहे. सगळेच आजोबा हरतात. मुलांना ते कळतं. त्यापेक्षा जुनी पद्धत वापरा. तुमचा एक घोडा, किंवा सुरुवातीला वजीरच, पटावरून काढून ठेवा आणि मग मनापासून जिंकायला खेळा. एकोणिसाव्या शतकात पॉल मॉर्फी कच्च्या खेळाडूंशी घोडा काढून ठेवून खेळायचा आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. घड्याळ असेल तर तुम्हाला पाच मिनिटं, त्याला वीस. नातू खरोखर जिंकेल तेव्हा वजीर परत ठेवा. स्पर्धेत ही सोय नाही, तिथे दोघांचीही सोळा-सोळा मोहरी.

दादरचं नाव मागे घेऊ नका. जाण्यापूर्वी थोडी तयारी मात्र करा. मुलांशी खेळताना डाव मोकळा सोडून हाणामारी करायला जाऊ नका. दोन-तीन चालींच्या झटापटी ती कोड्यांमध्ये रोज शेकड्यांनी बघतात, तुम्ही नाही. वजिरापुढचं प्यादं, उंट एफ-४, घोडे बाहेर, वेळेवर कॅसलिंग, असा शांत डाव लावा. संधी मिळाली तर वजिरांची मारामारी करून टाका. हत्ती-प्याद्यांच्या शेवटात नऊ वर्षांच्या मुलांना कंटाळा येतो, खुर्चीवर चुळबुळ सुरू होते, आणि चाळीसाव्या चालीनंतर तुमची जुनी शिस्त कामाला येते. (सगळ्यांना येत नाही कंटाळा. एखादी अशीही भेटेल की शेवटसुद्धा तोंडपाठ. मग पुन्हा हराल.) ती पटापट खेळतात म्हणून तुम्ही पटापट खेळू नका. वेगाला वेग देण्यात मोठी माणसं फसतात. तुमच्या स्कोअरशीटवर वेळा लिहिलेल्या नाहीत, पण पहिल्या दहा चालींना दहा मिनिटंही लागली नसतील, पैजेवर सांगते. नव्वद मिनिटं आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद मिळत असताना ती मिनिटं घरी न्यायची आहेत का?

दिवसाला दोन डाव असले की एकेक चार तासांपर्यंत लांबतो. मधल्या सुट्टीत भरपेट थाळी जेवून आलेले ज्येष्ठ मी दुसऱ्या डावात डुलक्या घेताना पाहिले आहेत. दहीभात, केळं, पाणी, एवढं पुरे. वाचायचा चष्मा वेगळा असेल तर तो पटाच्या अंतरावर घरी एकदा लावून बघा. पट पुस्तकाइतका जवळ नसतो आणि पलीकडच्या कोपऱ्यातला उंट धूसर दिसला की संपलं. बऱ्याच स्पर्धांत ज्येष्ठांसाठी वेगळं बक्षीसही असतं, माहितीपत्रकात बघून ठेवा. जागतिक ज्येष्ठ स्पर्धांत पन्नाशीपुढचे आणि पासष्टीपुढचे असे दोन गट असतात, त्यामुळे तुम्हाला अजून कोणी म्हातारं धरत नाही. फक्त ज्येष्ठांतच खेळायचं असं मात्र ठरवू नका. तिथे सगळे तुमच्यासारखेच तिसऱ्या चालीला वजीर काढतील आणि तुम्हाला वाटेल आपला खेळ सुधारला.

एक शेवटचं. दादरला रविवारी सकाळची फेरी असेल तर शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक बघून ठेवा. माटुंगा–मुलुंड ब्लॉक असला की तुमची वाट लागली. किती मिनिटं उशीर चालेल ते नियमपत्रकात दिलेलं असतं, आणि काहीच दिलं नसेल तर ती सवलत शून्य मिनिटांची धरतात. फेरी सुरू झाली, तुम्ही खुर्चीत नाही, डाव गेला.